जपानांतील परकीय रहिवासी आणि नाण्यांचा प्रश्न (इ. स. १८५८–१९०३)

रायगडावरील तहांतील नाण्याविषयींची वाटाघाट या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. इ. स. १६७४ त राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन रायगडीं आला, तेव्हां इंग्रजांचें नाणें मराठी राज्यांत चालावें ही त्याची एक मागणी होती. त्यावर महाराजांचें म्हणणें असें पडलें कीं, कोणतेंही नाणें चालण्यास आमची मनाई नाहीं. मात्र तोट्याचें नाणें घेण्याची सक्ति प्रजेवर करितां येणार नाहीं. या उत्तराचें मोल ध्यानांत यावयाचें असल्यास, असें उत्तर देण्याचें सामर्थ्य ज्या राज्यास उरलें नव्हतें त्याचा वृत्तान्त पाहावा.

अमेरिकेचा वकील टाउनसेंड हॅरिस यानें इ. स. १८५८ च्या जुलैंत एदोच्या शोगुन सरकाराकडून तह करून घेतला. परकीय नाणें त्याच धातूच्या जपानी नाण्याशीं वजनास वजन बदलावें, व जपानी सोन्यारुप्याचें नाणें देशाबाहेर नेण्यास मोकळीक असावी, असें त्यांत ठरलें. त्या काळीं जपानांत सोन्याचा भाव रुप्याच्या सुमारें पांचपट होता. बाहेर तो सुमारें पंधरापट होता. ‘इचिबु’ हें रुप्याचें चौकोनी नाणें वस्तुतः शिक्क्याच्या बळावर चालत असे, त्यांतील रुप्याच्या मोलावर नव्हे. म्हणून वजनाची तुलनाच मुळांत चुकीची. कौटिल्याचा रूपदर्शक जें पाहता तें एदोच्या अधिकाऱ्यांसही दिसत होतें. परंतु परकीय आरमाराच्या धाकापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

इ. स. १८५९ त योकोहामा बंदर उघडतांच जो प्रकार झाला त्याचा हिशेब सोपा आहे. चार मेक्सिकन डॉलरांचे सुमारें बारा इचिबु. चार इचिबूंस एक, या दरानें बारा इचिबूंचे तीन सोन्याचे ‘कोबान’. ते चीनच्या बंदरांत विकले कीं मूळ रकमेच्या जवळ जवळ तिप्पट. व्यापारी तर राहोतच, आरमारी अधिकारीही या उद्योगास लागले. इ. स. १८६० त सरकारानें कोबान पूर्वीच्या मानानें फारच लहान पाडला. गळती थांबली, पण महागाई भडकली आणि तिचा भार प्रजेवर व ठरीव तैनातीच्या सामुराईंवर पडला. ज्यांनीं जुना व नवा कोबान शेजारीं ठेवून पाहिला असेल त्यांस ही कथा तळहातावर वाचतां येईल.

परकीयांचें त्या वेळचें जीवन म्हणजे सुखाचा कोंडमारा. त्यांचा न्याय त्यांचेच वकील करीत, इ. स. १८६६ पासून बहुतेक मालावर जकात शेंकडा पांचच; पण बंदरापासून दहा ‘री’ पलीकडे मुक्त संचार नाहीं, आणि तलवारीचें भय सदैव. इ. स. १८६२ त रिचर्डसन नांवाचा व्यापारी हमरस्त्यावर मारला गेला, हें प्रसिद्धच आहे.

पुढें सत्तांतर झालें आणि नव्या सरकारानें विद्या विकत घेण्याचें धोरण धरिलें. बंद पडलेल्या हाँगकाँगच्या टांकसाळीचीं यंत्रें घेऊन इ. स. १८७१ त ओसाका येथें टांकसाळ सुरू झाली. तेथील मुख्य टॉमस किंडर यास दरमहा १,०४५ येन पगार होता. राज्याचा मुख्य प्रधान सान्जो यास ८००! नोकर राजाहून श्रीमंत, असें हें विलक्षण कोष्टक. परंतु या पगाराकडे मी उधळपट्टी म्हणून पाहत नाहीं. ती मुदतीची गुरुदक्षिणा होती. इ. स. १८७५ त किंडरास निरोप मिळाला. सरकारी चाकरींतील परकीयांची संख्या त्या सुमारास पांचशांवर होती. तेथून ती ओसरत गेली. इ. स. १८८० त क्योतो व ओत्सु यांमधील ओसाकायामाचा बोगदा जपानी लोकांनीं परकीय स्थापत्यविशारदांवांचून पुरा केला.

इंग्लंडनें इ. स. १८९४ च्या तहानें आपले न्यायाधिकार सोडण्याचें कबूल केलें व तें इ. स. १८९९ च्या जुलैंत अमलांत आलें. योकोहामाच्या जुन्या व्यापाऱ्यांस हें अत्यंत अपमानाचें वाटलें. त्यांची भीति मला समजते, पण तक्रार पटत नाहीं. कारण त्याच दिवसापासून परवान्यावांचून देशभर फिरण्याचें व कोठेंही राहण्याचें स्वातंत्र्य त्यांस मिळालें. विशेषाधिकार गेला आणि देश मोकळा झाला. एक अवशेष मात्र राहिला : जुन्या कायम पट्ट्यांच्या जमिनींवरील घरांस कर बसावा कीं नाहीं, हा वाद हेगच्या लवादापुढें गेला, आणि इ. स. १९०५ त निकाल परकीयांच्या बाजूनें लागला.

या पालटाचा चटका बसला तो मात्र व्यापाऱ्यांहून एका शिक्षकास. लॅफ्काडिओ हर्न इ. स. १८९० त जपानांत आला. मात्सुए येथील शाळेंत त्यानें इंग्रजी शिकविलें व तेथील सेत्सु नांवाच्या स्त्रीशीं संसार मांडिला. आपल्यामागें बायकामुलांचा मालमत्तेवरील हक्क बुडूं नये म्हणून इ. स. १८९६ त तो जपानी प्रजाजन झाला आणि कोइझुमि याकुमो हें नांव घेतलें. त्याच वर्षीं तोक्योच्या विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचें अध्यापन त्याजकडे आलें. विद्यार्थ्यांचें त्याजवर फार प्रेम होतें. तथापि इ. स. १९०३ त त्याची नेमणूक संपली. विद्यार्थ्यांनीं विरोध केला, तो व्यर्थ गेला. त्याच्या जागीं जे आले त्यांत सरकारी खर्चानें लंडनास शिकून नुकताच परतलेला एक तरुण होता. त्याचें नांव नत्सुमे किन्नोसुके. पुढें ‘सोसेकी’ या नांवानें तो जपानचा थोर कादंबरीकार झाला.