छोट्या आगगाड्यांचे कपलिंग बदलताना

'एन' प्रमाणातील आगगाडीची प्रतिकृती मूळ गाडीच्या सुमारे १६०व्या हिश्शाएवढी असते. तिच्या रुळांतील अंतर अवघे ९ मिलिमीटर. १९६०च्या दशकात जर्मनीच्या 'आर्नोल्ड' कंपनीचे 'रॅपिडो' कपलिंग या प्रतिकृतींत रूढ झाले. चौकोनी आकड्याची ही जोडणी भक्कम असली तरी खऱ्या गाडीशी विसंगत दिसते. त्यामुळे अमेरिकेतील अनेक हौशी मंडळी तिच्याऐवजी मुडपलेल्या बोटांच्या आकाराचे कपलिंग बसवतात. १९९०मध्ये 'केडी'पासून विभक्त झालेल्या 'मायक्रो-ट्रेन्स'चे कपलिंग त्यांत प्रसिद्ध आहे. रुळांमधील चुंबकाच्या साह्याने ते हात न लावता सोडवता येते.

हा बदल दोन प्रकारे करता येतो. कपलिंगसह चाकांची चौकटच बदलणे सोपे. मात्र गाडी मागे ढकलताना सारा जोर चौकटीवर येऊन चाके घसरण्याची शक्यता असते. कपलिंगची डबी वाघिणीच्या तळाला स्क्रूने जोडल्यास हा दोष टळतो. परंतु तीव्र वळणावर लांब वाघिणी एकमेकींना रुळांबाहेर ओढतात. दोन्ही प्रकारांत कपलिंगची उंची मापकाने तपासणे आवश्यक ठरते, अन्यथा गाडी वाटेतच तुटते.

जुने व नवे कपलिंग परस्परांत अडकत नाही. म्हणून सर्व वाघिणी बदलून होईपर्यंत, एका टोकाला जुने आणि दुसऱ्या टोकाला नवे कपलिंग असलेली एक वाघीण दुवा म्हणून राखणे श्रेयस्कर.