बुडालेल्यांचा न्याय



अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव आहे. तेथे बेने इस्रायल समाजाच्या पूर्वजांची जुनी दफनभूमी आहे. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांचे गलबत या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेते त्यांनी तेथेच पुरली. पुढे हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. गावांवरून किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावे त्यांनी घेतली आणि मराठी ही त्यांची मायबोली झाली. १८८० मध्ये मुंबईत त्यांनी आपल्या हरिदासांच्या धर्तीवर स्वतःच्या शास्त्रातील कथांची मराठी कीर्तने सुरू केली. तेव्हा त्यांच्या शास्त्रातील एक कथा आपण आपल्याच माणसांची म्हणून ऐकू.

कथा नोहाची आहे. माणसाच्या मनात वाईटच उपजते हे पाहून देवाला दुःख झाले. पृथ्वी धुऊन काढावी, असे त्याने ठरवले. नोहा तेवढा नीतिमान. त्याला तारू बांधायला सांगितले. चाळीस दिवस व चाळीस रात्री पाऊस कोसळला. तारवातली आठ माणसे व जीवजंतू वाचले. पाणी ओसरल्यावर नोहाने यज्ञ केला. तेव्हा देव म्हणाला की, असा संहार पुन्हा करणार नाही, आणि खूण म्हणून ढगांत इंद्रधनुष्य ठेवले.

आता नीट पाहा. पुन्हा संहार का नाही? माणूस सुधारला म्हणून? नाही. देवाने कारण सांगितले ते हेच की, माणसाचे मन लहानपणापासूनच वाईटाकडे ओढते. ज्या दोषासाठी शिक्षा दिली, त्याच दोषासाठी आता क्षमा! प्रलयाने माणूस बदलला नाही, वागणे बदलले ते देवाने. न्याय जेथे थकला, तेथून कृपेचा आरंभ झाला. लेकरू चालताना पडणारच हे कळल्यावर आई मारणे सोडते आणि बोट धरते, तसेच हे.

आपल्या शतपथ ब्राह्मणातही मनूची व माशाची कथा आहे. तेथे कोणाच्या पापाचा हिशेबच नाही. पूर येतो, आणि ज्या लहान माशाला मनूने जपले, तोच त्याची नाव ओढून नेतो.

हे सारे मी का सांगतो? माझ्याकडून एक अपराध घडला आहे. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या, माणसे गाडली गेली. त्यानंतरच्या एका कीर्तनात मी आवेशाने बोलून गेलो की, हे आपल्याच पापांचे फळ. समोर बसलेली एक म्हातारी उठली आणि बुक्का न लावताच निघून गेली. तिच्या घरचे माणूस दरडीखाली गेले होते, हे मला मागाहून कळले. तिच्या पायांवर डोके ठेवायला मी गेलो नाही. ते आजही सलते.

न्याय देवाचा, हे खरे. पण गेलेल्यांच्या माथी पाप लिहिण्याचा अधिकार बुवाला कोणी दिला? नवगावला वाचलेल्यांनी बुडालेल्यांना पापी ठरवले नाही. त्यांना माती दिली, आणि त्यांचे वंशज ती जागा आजही मानतात.

नोहाने तारू बांधले. पण जे बाहेर राहिले त्यांच्यासाठी त्याने रदबदली केल्याचे त्या कथेत दिसत नाही. ज्ञानोबामाउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितलाच नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. वाचकहो, पुढच्या श्रावणात नदी गावात शिरली, तर कोण पापी हे शोधत बसू नका. आधी दोर टाका, भाकरी न्या, आणि बुडालेल्यांसाठी हात जोडा.