दिव्याची बी आणि दृष्टीचा थेंब

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक, आजच्या नायजेरियात, कालाबार हे शहर आहे. तेथील एफिक लोकांत पूर्वी दिव्याची एक भयंकर प्रथा होती. आरोपीस एका रानवेलीची विषारी बी खावयास देत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर अपराधी! काचबिंदूवरील औषधाचा इतिहास या बीपासून सुरू होतो.

१८५५ साली एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी तिचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला. प्राणावर बेतताच दाढीचे पाणी पिऊन तो ओकून टाकला. १८६३ साली आर्गाइल रॉबर्टसन यांनी तिचा अर्क डोळ्यात घातला, तेव्हा बाहुली अगदी बारीक झाली. पुढच्याच वर्षी त्यातील सत्त्व वेगळे करण्यात आले.

डोळ्याच्या आत एक निर्मळ द्रव सतत पाझरतो आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म चाळणीतून निघून जातो. ही वाट अडली की दाब वाढतो व दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही. १८५७ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी यावर शस्त्रक्रिया सुचविली होती. पण खात्रीचे औषध नव्हते.

ते दिले स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकर या नेत्रवैद्याने. त्याला स्वतःलाच काचबिंदू झालेला होता. बाहुली आकसली की अडलेली वाट मोकळी होऊ शकते. १८७६ साली त्याने या सत्त्वाच्या थेंबांचा उपाय प्रसिद्ध केला. स्वतःच्या डोळ्यांतही तो हेच थेंब घालीत असे. १८८० साली त्याने शस्त्रक्रिया करवून घेतली. परंतु तोवरची वर्षे या थेंबांनी निभावली.

लवकरच ब्राझीलमधील जाबोरांडीच्या पानांतून काढलेले पायलोकार्पिन आले व सुमारे शंभर वर्षे टिकले. मात्र त्याने बाहुली आकसून दृष्टी अंधुक होई. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टिमोलॉल निराळ्या मार्गाने गेले: ते द्रवाची उत्पत्तीच कमी करते. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून अमेरिकेत गेलेल्या लास्लो बिटो यांच्या संशोधनातून लॅटानोप्रॉस्ट निघाले. १९९६ पासून ते अमेरिकेत मिळू लागले. ते द्रवाच्या निचऱ्याची दुसरी वाट रुंदावते. दिवसातून एकच थेंब पुरतो.

पण तो थेंब दररोज घालावा लागतो. रोग बहुधा दुखत नाही, औषधाने दिसण्यात सुधारणाही होत नाही. म्हणून माणूस कंटाळतो आणि बाटली कोनाड्यात राहते. जे उरले आहे ते राखणे, एवढेच या औषधाचे काम. लाकरला ते पुरेपूर ठाऊक होते, कारण पणाला लागलेले डोळे त्याचे स्वतःचे होते.