गोबरगॅसची ज्योत आणि मंडळीची सेवा : एक ऐतिहासिक आढावा

लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरील अग्नीसंबंधी जो विधी सांगितला आहे, त्यात अग्नी पेटविण्यापेक्षा तो राखण्याचाच विचार अधिक आहे. याजकाने रोज सकाळी लाकडे घालावयाची, रात्रीची राख काढावयाची, वस्त्रे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकावयाची. राख वाहण्याच्या या कामाने याजकपदाला उणेपणा येतो, असे तेथे कोठेही मानलेले नाही. हवामानबदलाच्या संकटात उपयोगी पडेल असे ऊर्जेचे जे काम ख्रिस्ती व अन्य सेवाभावी संस्थांनी आपल्या देशातील खेड्यांत केले, त्याचा इतिहास पाहताना आम्हांस या अध्यायाची वारंवार आठवण झाली. प्रस्तुत लेखात त्या कामाचा एकच धागा, गोबरगॅसचा, आम्ही तपासून पाहणार आहोत.

या धाग्याचे पहिले टोक मुंबईत सापडते. भारतातील पहिले बायोगॅस संयंत्र मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८५९ साली उभारले गेले, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. हे वर्ष जुळत नाही. कारण म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याचा कुष्ठाश्रम स्थापन झाला तोच मुळी १८९० मध्ये. ग्राह्य धरण्याजोगे वर्ष १८९७ हे होय. त्या सुमारास आश्रमातील मैल्यापासून गॅस निर्माण करून त्यावर दिवे लावण्यात आले. समाजाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या वस्तीत हा दिवा प्रथम लागला, ही गोष्ट शुभवर्तमानाच्या वाचकाने विसरू नये अशी आहे.

माटुंग्याचा प्रयोग मैल्याचा होता. खेड्यास उपयोगी पडला तो शेणाचा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शेणावर प्रयोग केले. पुढे १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र सिद्ध केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर त्याचा देशभर प्रसार केला. शेण व पाणी समप्रमाणात कालवून खड्ड्यात सोडावयाचे. हवा न लागता ते कुजले की मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण वर साठते. ते नळीने चुलीशी न्यावयाचे. आणि उरलेला शेणकाला शेताला खत म्हणून द्यावयाचा. दोन घनमीटरच्या कौटुंबिक संयंत्रास दररोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. यात दोन अडचणी होत्या. लोखंडी टाकी महाग पडे आणि ती गंजत असे.

येथे मंडळीचा प्रवेश होतो. १९६६ साली, दुष्काळाच्या छायेत, कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट संस्थांच्या सहकार्यातून 'ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन' (ॲफप्रो) ही संस्था उभी राहिली. अन्नवाटपावर न थांबता विहिरी, शेती आणि पुढे ऊर्जा या विषयांत तांत्रिक साहाय्य देणे हे तिने आपले काम मानले. उत्तर प्रदेशातील अजितमल येथील केंद्रात १९७८ च्या सुमारास विटांच्या स्थिर घुमटाचे 'जनता' संयंत्र तयार झाले होते. त्यात लोखंडी टाकीची गरजच उरली नव्हती. ॲफप्रोने १९८४ मध्ये त्यात सुधारणा केली. गोलाचे दोन भाग एकमेकांस जोडल्यासारखा आकार दिल्याने विटा व सिमेंट कमी लागू लागले आणि खर्च उतरला. या संयंत्रास 'दीनबंधू' असे नाव मिळाले. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांना जनतेने जे नाव दिले होते तेच हे नाव, हे आपल्या वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही.

त्याच काळात मंडळीचे विचारवंतही या दिशेने वळत होते. जागतिक चर्च परिषदेच्या १९७४ च्या बुखारेस्ट येथील परिसंवादात टिकाऊ समाजाची कल्पना मांडली गेली. १९८३ मध्ये व्हॅंकूव्हरच्या महासभेने न्याय व शांती यांच्या जोडीला सृष्टीची अखंडता हा शब्दप्रयोग आणला. परंतु घुमट काही ठरावाने उभा राहत नाही. त्याला प्लॅस्टर चोख करणारा गवंडी लागतो. केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटून जातो. म्हणून ॲफप्रोने लहानलहान ग्रामसंस्थांचे जाळे विणून गवंड्यांना शिक्षण दिले. आमच्या मते या इतिहासातील सर्वांत दूरदर्शी पाऊल ते हेच.

सरकारची राष्ट्रीय बायोगॅस योजना १९८१-८२ मध्ये सुरू झाली आणि पुढील चार दशकांत देशात सुमारे ५० लाख कौटुंबिक संयंत्रे बांधली गेली. बांधली गेली, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. त्यांपैकी पुष्कळ बंद पडली. जनावरे विकली गेली, उन्हाळ्यात पाणी आटले, घुमटाला भेग पडली आणि ती बुजविणारा गवंडी पुन्हा गावात आला नाही. अनुदान बांधणीस मिळे, दुरुस्तीस क्वचितच. उद्घाटनाची छायाचित्रे अहवालांत राहिली आणि बाई पुन्हा धुराच्या चुलीपाशी बसली.

याच्या उलट तीन उदाहरणे कर्नाटकात सापडतात. पहिले तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावचे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे साऱ्या गावाचे एक संयंत्र उभारले. स्वयंपाकाला गॅस पुरेना, तेव्हा १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून गावाला नळाचे पाणी व घरोघर दिवे देण्यात आले. शेण आणून देणाऱ्यास मेहनताना मिळे, शेणकाला परत मिळे आणि यंत्र गावातील तरुण चालवीत. ही व्यवस्था सुमारे दहा वर्षे टिकली.

दुसरे उदाहरण बेळगावकरांस जवळचे, उत्तर कन्नडमधील शिरसी तालुक्याचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील पाहिलेली संयंत्रे जवळजवळ सर्व चालू आढळली. कारण साधे होते. बांधणारे स्थानिक लोक बांधल्यानंतरही हमीने दुरुस्तीस येत.

तिसरे उदाहरण आंध्रच्या सीमेवरील बागेपल्लीचे. तेथे १९७७ पासून 'ॲडॅट्स' ही संस्था शेतमजूर व लहान शेतकऱ्यांच्या कूली संघासोबत काम करीत आली आहे. क्योटो कराराच्या यंत्रणेत तिच्या ५,५०० संयंत्रांच्या योजनेची २००५ साली नोंद झाली. लाकूड व रॉकेल वाचल्याने वर्षाला सुमारे साडेएकोणीस हजार टन कार्बन डाय-ऑक्साइड टळेल, असा हिशेब होता. तो टळलेला धूर श्रीमंत देशांस विकून पैसा उभा करावयाचा. या पद्धतीविषयी मंडळीचे मन द्विधा राहिले आहे. नेदरलँड्समधील चर्चांशी निगडित 'इक्को' संस्थेने अशा व्यवहारासाठी निधी स्थापन केला. तर जागतिक चर्च परिषदेने २००० च्या निवेदनात, श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या घरची कपात टाळून दुसऱ्याची कपात विकत घेऊ नये, असा आक्षेप नोंदविला. आम्हांस तो आक्षेप रास्त वाटतो. तथापि येणारा पैसा संयंत्र चालू राहिले तरच मिळतो, एवढा एक गुण या व्यवहारात मान्य केला पाहिजे. राखणदारीला येथे प्रथमच किंमत आली.

आणि राखणदारी हा येथे केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. मिथेन वातावरणात सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट ताप वाढवितो. तेव्हा भेगाळलेले संयंत्र निरुपयोगी होऊनच थांबत नाही. ज्या संकटावर उपाय म्हणून ते बांधले, त्यातच भर घालते. सत्कृत्य सोडून दिले की त्याचे अपकृत्य कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणखी एक कठीण प्रश्न उरतोच. ज्याच्या दारी चार जनावरे नाहीत, त्याच्या घरी 'दीनबंधू' जात नाही. शेणाला मोल आले की रस्त्यावरचे शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या बाईचे सरपणही हिरावले जाते. भूमिहीनांची ही तक्रार जुनी आहे, आणि आपल्या मंडळ्यांतील अनेक कुटुंबे त्याच घरांतून आलेली आहेत. पुरा गावाने सामायिक संयंत्राने या प्रश्नाला उत्तर शोधले. ते उत्तर टिकविणे कठीण गेले, म्हणून ते चुकीचे ठरत नाही.

पाळक व धर्मशिक्षक गावोगाव फिरतात. वर्षानुवर्षे त्याच उंबरठ्यांवर परत जातात. या परत जाण्याचीच या इतिहासात सर्वत्र उणीव दिसते. पुढील भेटीत प्रार्थनेनंतर मागल्या अंगणात जावे, संयंत्र चालू आहे की बंद ते पाहावे, बंद असल्यास कारण विचारावे आणि तालुक्यातील शिकलेल्या गवंड्याचा पत्ता जवळ ठेवावा. हे काम आपल्या पदास शोभत नाही, असे कोणास वाटल्यास त्याने लेवीयाचा सहावा अध्याय पुन्हा उघडून राख वाहणाऱ्या याजकाकडे पाहावे.