फिश प्रोब (ल्युकेमिया निदान)

ल्युकेमियाच्या पेशींत गुणसूत्रे तुटून जनुकांची पुनर्रचना झाली आहे का, हे रंगीत ठिपक्यांतून दाखवणारे, चकाकते रंगद्रव्य जोडलेले डीएनएचे तुकडे. चाचणीचे पूर्ण नाव फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन. आद्याक्षरे जुळून ‘फिश’ झाले, माशांचा काही संबंध नाही.

डीएनएचा एक धागा आपल्या पूरक धाग्यालाच चिकटतो, यावर सारे उभे आहे. काचपट्टीवर पसरलेल्या अस्थिमज्जेच्या पेशी तापवल्या की डीएनएचे दोन्ही धागे सुटे होतात; मग रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्यावर प्रोब आपली जागा शोधून बसतो. उरलेला धुऊन टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जोसेफ गॉल व मेरी लू पार्ड्यू यांनी १९६९ मध्ये हेच किरणोत्सारी प्रोब वापरून केले होते; चकाकती रंगद्रव्ये नंतर आली.

पद्धतीचा कस लागला तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात. पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये या रुग्णांत एक खुजे गुणसूत्र आढळले. ते शोध लागलेल्या शहराच्या नावाने फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणून ओळखले जाते. ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी टोके बदलल्याने ते बनते, हे जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीत एबीएल१ आणि बीसीआर ही जनुके जोडली जातात. ही जोडणी दुरंगी प्रोबने थेट पेशीत दिसते, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

एबीएल१ला लाल आणि बीसीआरला हिरवा प्रोब लावला, तर निरोगी केंद्रकात दोन लाल, दोन हिरवे ठिपके दिसतात. जोडणी झाली की लाल-हिरवा एकत्र येऊन पिवळा भासतो. पण केंद्रक गोल आणि आपण पाहतो ते सपाट चित्र. त्यामुळे निरोगी पेशीतही दोन ठिपके योगायोगाने एकमेकांवर पडतात. यावर तोड म्हणून प्रोब लांबवून तुटीच्या दोन्ही बाजूंवर पसरवले. आता खऱ्या अदलाबदलीत दोन पिवळे ठिपके दिसतात, आणि एकाच केंद्रकात योगायोग दोनदा घडणे विरळा. तरी काही रुग्णांत बदललेल्या ९ व्या गुणसूत्राचा भाग गळालेला असतो आणि दुसरा पिवळा ठिपका उमटत नाही. म्हणून साधारण २०० केंद्रके मोजतात, आणि प्रत्येक प्रयोगशाळा निरोगी नमुन्यांवरून अशा योगायोगांची आपली मर्यादा आखते.

केएमटी२ए या ११ व्या गुणसूत्रावरील जनुकाची गोष्ट उलटी. त्याचे जोडीदार ८० हून अधिक. प्रत्येकासाठी वेगळा प्रोब कोण बनवणार? इथे जनुकाच्या दोन टोकांना दोन रंग लावतात. जनुक अखंड असेल तर पिवळा. तुटले की लाल आणि हिरवा वेगळे. जोडीदार कोण, हे मात्र कळत नाही.

फिशला पेशी विभाजनात असण्याची गरज नाही. शिवाय, मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात १२ व २१ या गुणसूत्रांचे बदललेले तुकडे गुणसूत्रांवरील पट्ट्यांच्या चित्रात इतके सारखे दिसतात, की ईटीव्ही६–रनएक्स१ ही जोडणी नेहमीच्या तपासणीत निसटते. फिशला ती सापडते. पण प्रोब विचारल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. दुसरीकडे कुठे मोडतोड असेल तर त्याला तिचा पत्ता नसतो. उपचारांनंतर हजारो पेशींत एखादीच रोगट उरते, तेव्हा काम पीसीआरकडे जाते.