तळटीप : कार्यवाहीत पलूस शोधताना

महाराष्ट्र विधानसभेच्या छापील कार्यवाहीत ‘पलूस’ शोधणाऱ्याच्या हाती २००९पूर्वीचे फारसे लागत नाही. सांगली जिल्ह्यातला ‘पलूस-कडेगाव’ हा मतदारसंघ पुनर्रचनेनंतरचा. त्याआधी होता तो ‘भिलवडी-वांगी’. जुन्या तारांकित प्रश्नांच्या यादीत सदस्याच्या नावापुढच्या कंसात हेच नाव पाहावे. पतंगराव कदम दोन्ही मतदारसंघांतून निवडून आले. पण वनमंत्री म्हणून त्यांनी दिलेली उत्तरे खात्याखाली शोधावी लागतात. मतांचे दुखणे वेगळेच. बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत होतात, आणि तिथे कुणी कोणती बाजू घेतली याची नोंदच राहत नाही. मतविभागणी झाली असेल तरच नावे मिळतात. आपल्या आमदाराचे मत कळणे हा मतदाराचा हक्क आहे, असे मी ठामपणे मानतो. याच भागातल्या कुंडलचे आमदार जी. डी. बापू लाड यांच्यासाठी मात्र विधान परिषदेचे खंडही उघडावेत.