कॅन (इंग्रजी क्रियापद)

सामर्थ्य, कौशल्य, शक्यता, परवानगी आणि विनंती दाखवणारे इंग्रजी साहाय्यक क्रियापद. भूतकाळी रूप ‘कुड’. शालेय व्याकरणात त्याला ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणतात. प्रस्तुत नोंद प्राथमिक इंग्रजी येत असलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या गरजेपुरती आहे.

रूपे. तृतीयपुरुषी ‘एस’ लागत नाही. पुढे ‘टू’ येत नाही. नकारात ‘नॉट’ जोडून ‘कॅनॉट’ हा एकच शब्द लिहितात.

व्युत्पत्ती. जुन्या इंग्रजीतील ‘कुनान’ म्हणजे जाणणे. ‘नो’ हे इंग्रजी क्रियापद आणि संस्कृत ‘ज्ञा’ धातू याच कुळातले, म्हणून मराठी ‘जाणणे’ हे ‘कॅन’चे दूरचे नातलग ठरते. ‘शकणे’ संस्कृत ‘शक्’ धातूपासून आले. त्याचा या कुळाशी संबंध नाही. ‘कुड’च्या लेखनातला न उच्चारला जाणारा ‘एल’ ‘शुड’ आणि ‘वुड’ यांच्या अनुकरणाने नंतर शिरला.

मराठी प्रतिरूपे. ‘वाचू शकतो’ हे एक संयुक्त क्रियापद मानावे की दोन पदे, यावर मराठी वैयाकरणांत एकमत नाही. तो वाद येथे घेतलेला नाही. इंग्रजी शिकवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की ‘कॅन’ जे काम एकट्याने करते ते मराठी अनेकांत वाटून देते. शिकून मिळवलेले कौशल्य ‘येणे’ने सांगतात : मला पोहता येते. प्रसंगापुरते सामर्थ्य ‘शकणे’ने : मी उद्या येऊ शकतो. शरीराच्या ताकदीसाठी शक्य क्रियापद आहे : माझ्याने आता चालवत नाही. परवानगीला ‘हरकत नाही’ पुरते, आणि इंद्रियांच्या अनुभवाला वेगळे साहाय्यक लागतच नाही : मला समुद्र दिसतो, मला गाडीची शिटी ऐकू येते. या शेवटच्या दोन वाक्यांत इंग्रजी ‘आय कॅन सी’, ‘आय कॅन हिअर’ म्हणते. मराठी विद्यार्थी येथे ‘आय ॲम सीइंग’ म्हणतो, कारण ‘शकणे’ मनात येण्याचे काही कारणच नसते.

‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ यासारख्या पुस्तकांनी भाषांतरातून इंग्रजी शिकवण्याची भक्कम परंपरा महाराष्ट्रात रुजवली. त्या परंपरेत ‘कॅन’समोर ‘शकणे’ मांडणे सोयीचे आहे आणि पहिल्या वर्षाला ते चालते. पुढच्या पायरीवर मात्र तेच अंगाशी येते.

भूतकाळ. सर्वाधिक चुका येथे होतात. ‘काल मी शेवटची गाडी पकडू शकलो’ याचे भाषांतर ‘यस्टर्डे आय कुड कॅच द लास्ट ट्रेन’ असे केले जाते. अपेक्षित आहे ‘आय वॉज एबल टू कॅच’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच’. होकारी वाक्यातले ‘कुड’ सर्वसाधारण, टिकून असलेली क्षमता दाखवते. एका प्रसंगी साधलेली गोष्ट त्याने सहसा सांगत नाहीत. हा भेद मराठीला परका नाही, फक्त तो काळाच्या रूपात दडलेला आहे. ‘लहानपणी मला झाडावर चढता येई’, ‘येत असे’, ‘येत होते’ : येथे ‘कुड’. ‘त्या दिवशी मला चढता आले’, ‘मी चढू शकलो’ : येथे ‘वॉज एबल टू’. म्हणजे विद्यार्थ्याने ‘शकणे’ शोधण्याऐवजी मराठी क्रियापद साध्या भूतकाळात आहे की रीतिभूतकाळात किंवा अपूर्ण भूतकाळात, एवढे पाहावे. नकारात ही अट नाही. ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालते. पाहणे, ऐकणे यांसारखी क्रियापदेही अपवाद आहेत. ‘जाऊ शकलो असतो’ या संकेतार्थी रूपाला ‘कुड हॅव गॉन’ जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि ते विद्यार्थ्यांना लवकर साधते.

भविष्यकाळ. ‘विल’ आणि ‘कॅन’ एकत्र येत नाहीत. ‘वर्षभराने तुला इंग्रजीत बोलता येईल’ यासाठी ‘विल बी एबल टू’.

शक्यता. ‘चेन्नईत नोव्हेंबरमध्ये मुसळधार पाऊस पडू शकतो’ हे ऋतूविषयीचे सर्वसाधारण विधान आहे. ‘इट कॅन रेन’ बरोबर. ‘आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो’ हा एका वेळेपुरता अंदाज आहे. येथे ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ हवे, ‘कॅन’ नव्हे. मराठी दोन्हीकडे एकच रूप वापरते, त्यामुळे ही चूक चांगल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही टिकून राहते. नकारी ‘कान्ट बी’ मात्र तर्कासाठी वापरतात : तो घरी असणे शक्यच नाही.

परवानगी. ‘कॅन’ की ‘मे’ याविषयी मतभेद आहेत. जुनी शालेय व्याकरणे ‘मे’ सुचवतात, बोलीत ‘कॅन’ प्रचलित आहे.

एग्मोर (एळुंबूर). ‘कॅन’च्या सरावाला उपयोगी पडेल असा इंग्रजी अध्यापनाचा एक जुना आणि चांगला नोंदलेला अध्याय चेन्नईच्या या भागात घडला. एग्मोरच्या गढीतील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल (१७८९ ते १७९६) यांनी तेथे मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवण्याची पद्धत बसवली. स्थानिक शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्यांनी तीच युक्ती आपल्या शाळेत आणू पाहिली. शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्केन या सुमारे आठ वर्षांच्या मुलावर वर्ग सोपवला. वाळूतली ही अक्षरे महाराष्ट्रातल्या धूळपाटीची सख्खी बहीण होत. १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या बेलच्या पुस्तिकेमुळे ही रीत ‘मद्रास पद्धत’ म्हणून ओळखली गेली. ती साक्षरतेसाठी होती, व्याकरणासाठी नव्हे. तरीही ‘कॅन यू’ विचारणे आणि ‘आय कॅन’, ‘आय कान्ट’ उत्तर देणे हा जोडीने करायचा सराव तिच्या साच्यात सहज बसतो, आणि फळ्यावरच्या नियमापेक्षा तो अधिक उपयोगी आहे.

चेन्नईतील मराठी घरांतल्या मुलांना आणखी एक आधार उपलब्ध आहे, तो तमिळचा. तमिळही ‘कॅन’चे काम वाटून देते, आणि वाटणी मराठीच्या फार जवळची आहे. ‘एनक्कु नीन्दत् तेरियुम’ म्हणजे मला पोहता येते. ‘तेरियुम’चा अर्थ माहीत असणे, कर्ता चतुर्थीत. ‘एन्नाल मुडियादु’ म्हणजे माझ्याने होत नाही, कर्ता तृतीयेत. ‘पोगलाम’ म्हणजे जायला हरकत नाही. ज्या मुलाला या दोन्ही भाषा येतात त्याला तीन वेगळ्या रूपांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे हे उदाहरणांनी पटकन दाखवता येते. मराठी पाठ्यपुस्तकांत ही तुलना यायला हवी.



उच्चार. वाक्याच्या ओघात होकारी ‘कॅन’ आखूड होऊन ‘कन’सारखा ऐकू येतो, आघात पुढच्या क्रियापदावर पडतो. नकारी रूप पूर्ण आघाताने उच्चारतात, ब्रिटिश वळणात ‘कान्ट’, अमेरिकी वळणात ‘कॅन्ट’. मराठी विद्यार्थी होकारी ‘कॅन’वरही पूर्ण जोर देतो, त्यामुळे अमेरिकी श्रोत्याला तो नकार वाटू शकतो. ‘आय कन स्विम’ असे ‘स्विम’वर जोर देऊन म्हणायची सवय लावावी.